हरी पेंटरचा बाक

आचऱ्याच्या अलीकडे खाडीला लागून असलेल्या वाडीत जाऊन हरिश्चंद्र धोंडू वायंगणकर कुठे राहतात असं विचारलं, तर माणसं आधी विचारणाऱ्याकडे बघतात आणि मग आभाळाकडे. हरी पेंटर म्हटलं की पोरंसोरं सुद्धा घर दाखवतात.

हरीने तीसेक वर्षं या भागातली अक्षरं काढली. होड्यांची नावं, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, दारूबंदीच्या घोषणा आणि बहुधा त्याच आठवड्यात बारचा फलक. निवडणुकीत तो दोन्ही पक्षांच्या भिंती रंगवी, ब्रश मध्ये रॉकेलमध्ये धुऊन घेई, एवढीच त्याची राजकीय भूमिका. पण त्याची खरी बैठक होती ती 'स्मरणार्थ' या शब्दात. मुंबईला गेलेला चाकरमानी देवळाला काहीतरी देतो, आणि जे देतो त्यावर कुणातरी गेलेल्या माणसाचं नाव घालतो. पायरी, घंटा, पाण्याची टाकी, भटारखान्यातलं पातेलं. नावाशिवायचा पंखा इथल्या देवळात फिरत नाही. ही सगळी नावं हरीच्या हातची. कैलासवासी माणसाचं 'कै.' तो विशेष जपून काढी, कारण ज्याचं काढायचं तो तक्रार करायला येत नाही, पण त्याचे मुलगे येतात.

मग फ्लेक्स आला आणि हरीची अक्षरं मागे पडली. मग कोविडची दुसरी लाट आली. हरीला गोव्यातल्या एका इस्पितळात नेलं. ताप गेला, पण काळी बुरशी झाली, आणि ती दोन्ही डोळे घेऊन गेली. भर पावसात हरी घरी आला तो काळा चष्मा लावून.

पहिलं वर्ष तो घरापुढच्या खळ्यातसुद्धा उतरला नाही. "माका कित्याक वाचवलास?" कशाला वाचवलं, हे एकच वाक्य तो सकाळ-संध्याकाळ बोले. त्याची बायको सुगंधा ते ऐके आणि चुलीकडे जाई. एका संध्याकाळी तिने त्याचा हात धरला, देवळापर्यंत चालवत नेला आणि खाडीकडे तोंड करून असलेल्या सिमेंटच्या बाकावर बसवला. पाठीला गुळगुळीत गार लादी लागली. वारा बरा होता. दुसऱ्या दिवशी हरी स्वतःहून म्हणाला, "देवळाकडे जावया काय?"

तेव्हापासून तो बाक हरीचा. तिथे कुणी बसलेलं असलं तरी काठीचा आवाज आला की ताडकन उठायचं. "ये रे हरी, बस. तुझोच बाक." जत्रेच्या गर्दीतही तो बाक रिकामा राही. हरीला याचं फार बरं वाटे. गावाने उशिरा का होईना, कलावंताची किंमत केली, असं त्याने सुगंधाला दोन-तीनदा सांगितलंही. सुगंधा प्रत्येक वेळी "होय" म्हणाली.

गेल्या हिवाळ्यात कुडाळला एका संस्थेचं शिबिर झालं आणि तिथे हरीला ते यंत्र मिळालं. काडेपेटीएवढं, चष्म्याच्या काडीला अडकवायचं. पुढे बारीक कॅमेरा, मागे कानाशी बारीक स्पीकर. जे वाचायचं त्याच्याकडे तोंड करून बटण दाबलं की एक बाई स्वच्छ मराठीत वाचून दाखवते. शिकवायला वेंगुर्ल्याची रॉविना नावाची मुलगी होती. ती म्हणाली, "काका, आता तुम्हाला कोणावर अवलंबून राहायला नको." हरीने मान डोलावली. अवलंबून राहणं किती सोयीचं असतं, हे त्या पोरीला अजून कळायचं होतं.

घरी आल्यावर हरीने वाचनाचा धडाका लावला. दुधाची पिशवी, साबणाचा कागद, कॅलेंडर, गॅसचा सिलिंडर. सुगंधा म्हणाली, "घरात सवत हाडलास ती हाडलास, ती पण शुद्ध बोलणारी." त्या आवाजाचं नाव 'बाय' पडलं.

हरीला पहिला धक्का बसला तो खाडीवर. त्याने स्वतः रंगवलेली एक होडी ओढून ठेवली होती. अक्षरांना सावली, वेलांटीला शेपटी, मात्रेवर माशाचा कल्ला, अशी त्याच्या ऐन बहरातली कामगिरी. त्याने तोंड त्या बाजूला केलं आणि बटण दाबलं. बाय म्हणाली, "मजकूर सापडला नाही." हरीने पुढे जाऊन, मागे येऊन, मान वाकडी करून पाहिलं. "मजकूर सापडला नाही." बायला फक्त छापील अक्षर येत होतं. जन्मभर ज्याने अक्षरं काढली त्याचं एक अक्षर या बाईला वाचता येत नव्हतं, आणि गुळाच्या ढेपेवरचा कागद ती घडाघडा वाचत होती. हरी दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो बाकावर बसला होता. शेजारी शिवा. शिवा हा हरीचा जुना जोडीदार, पूर्वी रंगाचे डबे उचलणारा, आता नुसता बसणारा. हरी त्याला यंत्राची करामत दाखवत होता. शिवाच्या शर्टावर काय लिहिलंय ते वाचून झालं, त्याच्या तंबाखूची पुडी वाचून झाली. पुडीवरचा इशारा बायने इतक्या शांतपणे सांगितला की शिवाने पुडी खिशात टाकली.

"आता ह्या बाकार काय लिवला हा, तां बघूया," हरी म्हणाला आणि मागे वळला.

"रे, थय काय नाय वाचूक," शिवा घाईने म्हणाला. "हय समोर बघ, होडी इली."

"होडी माका दिसता काय रे मेल्या?"

"मगे चाय पिवया. चल ऊठ."

शिवाने कुणाला चहा पाजल्याचं गावाला आठवत नाही. हरी तेवढ्यावरच सावध व्हायला हवा होता. पण त्याने बटण दाबलेलं होतं.

"कै हरिश्चंद्र धोंडू वायंगणकर यांच्या स्मरणार्थ," बाय म्हणाली. "मृत्यू अठरा मे दोन हजार एकवीस. शंकर धोंडू वायंगणकर, भांडुप, यांजकडून सप्रेम भेट."

हरीने पुन्हा बटण दाबलं. बायने तेवढ्याच प्रसन्न आवाजात तेच वाचलं. हरीने हात मागे नेऊन लादीवरून फिरवला. गुळगुळीत. दगडात कोरलेलं असतं, ब्रशाने रंगवलेलं असतं, तर त्याच्या बोटांना पहिल्याच दिवशी कळलं असतं. छापील लादी बोटांना काही सांगत नाही. तीन वर्षं तो स्वतःच्या मृत्यूच्या तारखेला पाठ टेकून वारा खात होता.

"शिवा."

"काय?"

"ह्यो बाक कोणाचो?"

"तुझोच मरे."

"कधीपासून?"

शिवाने जरा विचार केला. "तू मेल्यापासून," तो म्हणाला.

चार वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट एकदा सुटल्यावर शिवाला थांबवणं अवघड होतं. इस्पितळातून फोन आला होता. "तुमचा पेशंट गेला, म्हणाले. आता शुद्ध मराठीत सांगला म्हणजे खराच असतला मां? कोणाक सोडीत नव्हते, थयच जाळल्यानी. शंकराक मुंबयसून येवक गावला नाय. फोनार रडा-रडा रडलो आणि बाक धाडून दिल्यान. बाक बसवून झालो आणि आठ दिसांनी दुसरो फोन. तुमचा पेशंट शुद्धीवर आला. काय तरी गोंधळ झाल्लो थय. बाजूच्या खाटीवरचो माणूस तुझ्या नावान गेलो."

"आणि मधी?"

"मधी काय. तुझा दहावा झाला, बारावा झाला. माणसा थोडी, पण वडे बरे झाल्ले."

"तू खाल्लंस?"

"न खावन कसा चालात? तुझ्या नावान होते ते."

"आणि चार वर्सा तुझ्या तोंडातसून एक शब्द नाय?"

"माझा काय चालता?" शिवा दुखावला. "तुका सांगूचा काय नाय, म्हणान देवाक कौल लावलो. गुरवान सगळ्यांच्या समोर लावल्यान. देवान डावो दिलो. डावो म्हणजे नाय. देवाच्या भायर आमी कशे जातलो?"

गावाचं काहीही अडलं की देवाच्या अंगावर तांदूळ चिकटवायचे आणि उजवीकडचे पडतात की डावीकडचे, ते बघायचं, ही इथली रीत. विहीर कुठे खणायची इथपासून तंटा कसा मिटवायचा इथपर्यंत देवाला सगळ्यात मत असतं. एका माणसाला तो मेला होता हे सांगायचं का, असा प्रश्न मात्र देवालाही पहिल्यांदाच आला असावा.

"कौल लावूक कोणी सांगला?" हरीने विचारलं.

शिवा खिशातली पुडी चाचपू लागला.

"कोणी सांगला, शिवा?"

"तुझ्या बायलेन."

हरी काठी टेकत एकटा घरी गेला, आणि सुगंधाशी बोलणं त्याने बंद केलं. आंधळा माणूस कुणाच्या तरी शब्दावर जगतो. पुढे पायरी आहे म्हटलं की पाय उचलतो, दूध आहे म्हटलं की पितो. हरी सुगंधाच्या शब्दावर जगत होता. आता त्याला कळेना की यातलं खरं किती. त्याने तपासणी सुरू केली. ती म्हणाली मीठ, की तो पिशवी बायसमोर धरी. बाय म्हणे मीठ. ती म्हणाली ही दाबाची गोळी, की बाय गोळीच्या पाकिटावरचं सगळं वाचून दाखवी, आणि गोळी दाबाचीच निघे. ती म्हणाली आज एकादशी, की तो कॅलेंडरकडे जाई. आठवडाभर खणून खणून त्याला एक खोटं सापडलं नाही, आणि त्याचा राग त्यामुळे जास्तच वाढला. सुगंधा सगळं बघत होती. एकदा फक्त म्हणाली, "तांदळावरचा पण वाचून घेवा. उद्या म्हणशात कुळीथ घातलंय."

मधल्या काळात त्याने भांडुपला धाकट्या भावाला फोन लावला.

"दादा, तू बरो आसस मां?" शंकर म्हणाला.

"आसंय. बाकार लिवला तसो नाय."

"ता तुका... कोणी वाचून दाखवला?" मग शंकरने सगळा दोष स्वतःकडे घेतला, रडला, आणि रडून झाल्यावर व्यवहारावर आला. "दादा, आपण लादी बदलूया. नाव रवांदे. 'कै.' काढून 'श्री.' घालूया."

"आणि मरणाची तारीख?"

"ती थोडे दिवस मोकळी ठेवया."

हरीने फोन ठेवला आणि देवस्थानच्या अध्यक्षांकडे गेला. अध्यक्ष सर्वेश हा वयाने हरीपेक्षा खूपच लहान, पण खुर्चीवर बसला की शुद्ध मराठी बोलतो. "हरीकाका, बाक स्वीकारण्याचा रीतसर ठराव झालेला आहे," तो म्हणाला. "देणगी मृत व्यक्तीच्या स्मरणार्थ आहे. मृत व्यक्तीची काही हरकत असेल तर तिने लेखी अर्ज द्यावा." मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि तो एकदम गावच्या बोलीवर उतरला. "काका, खरा सांगू? लादी काढूची तर परत कौल लावचो लागतलो. आणि देवाक इचारतलो काय? देवा म्हाराजा, हरी जितो आसा, ह्या खरा काय?"

"इचार," हरी म्हणाला.

"आणि डावो पडलो तर?"

हरीने काठी उचलली आणि घराची वाट धरली.

त्या संध्याकाळी सुगंधाने बांगड्याचं तिखलं केलं होतं. तिने भात वाढला, वाटी ताटात उजवीकडे ठेवली आणि नेहमीसारखं सांगितलं, "वाटी उजव्या हाताक. काटे काढलंय." हरीने चष्मा चढवला आणि ताटाकडे तोंड करून बटण दाबलं. "मजकूर सापडला नाही," बाय म्हणाली.

सुगंधाने डाव खाली ठेवला. "आता बांगडो पण वाचून बघतास?"

"सगळ्या गावाक म्हायत," हरी म्हणाला. आठवड्यात पहिल्यांदाच तो तिच्याशी बोलत होता. "देवाक म्हायत. माकाच नाय. तीन वर्सा त्या बाकार माका बुजगावण्यासारखो बसवलंस. लाज नाय वाटाक?"

"कसली लाज? तुमी मेलास तेव्हा तुमी हय होतास? हय मी होतंय."

या बाजूने हरीने विचार केलेला नव्हता.

"फोन इलो," सुगंधा म्हणाली. "सगळी येवन खळ्याच्या गडग्याच्या भायर उभी रवली. तोंडाक फडकी बांधून. कोरोनाचा घर मां. आत कोण येवक तयार नाय. काकणां फोडूक बायका येतत, एक पण इली नाय. थयसूनच सांगीत होती, फोड गो सुगंधा, फोड. मगे मीच फोडलंय. पाट्यार हात ठेवन, वरवंट्यान."

हरीचा हात ताटातच राहिला.

"मंगळसूत्र पण मीच काढलंय. आणि एवढा सगळा करून झाल्यार तुमी इलास. आता मेलेलो घोव परत इलो तर काय करूचा, तां कोणाक म्हायत? भटजींनी पोथी बघितल्यानी. म्हणाले, त्याचा बारसा करूचा लागतला. आणि मगे लगीन."

"बारसा? माझा?"

"तुमका दुधान न्हाणवला, आठवता? तुमी इचारलास, ह्या कित्याक. मी सांगलंय, इस्पितळाचो वास जावक."

हरीला आठवलं. अंगावरून गार दूध ओघळत होतं आणि भटजी कानात त्याचंच नाव सांगत होते. त्याला वाटलं होतं, डोळे गेले म्हणून माणसं आता कानात बोलतात.

"आणि मंगळसूत्र माझ्या हातान बांधून घेतलंस, तां?" तो म्हणाला. "तू म्हटलंस, सर तुटलो."

"सर कशाक तुटता?"

"म्हणजे माझा लगीन झाला. दुसऱ्यांदा."

"होय."

"आणि माकाच पत्तो नाय!"

"पयल्या लग्नात तरी तुमका काय कळला होता?"

हरीने हे निमूट गिळलं. मग म्हणाला, "मगे सांगलंस कित्याक नाय?"

"कोणाक सांगू? रोज उठून म्हणायचास, माका कित्याक वाचवलास. त्या माणसाक सांगू, की तुमी मेलेलास आणि गावान वडे खाल्ले? तुमी म्हणाला असतास, तसोच रवलंय असतंय तर बरा झाला असता." तिने तिखल्यावर झाकण ठेवलं. "म्हणान कौल लावलंय. माणसाक गप रव म्हटला तर दोन दिवस रवता. देवान सांगला तर रवता."

"डावो पडलो नसतो तर?"

"परत लावलंय असतंय."

"आणि त्या बाकारच बसवचा होता?"

"दुसरो बाक खंय आसा? वारो थयच येता. चार माणसा थयच भेटतत. लादी मागे होती, तुमी पुढे बघित होतास." मग ती म्हणाली, "खोटा वाटता तर तुमच्या बायक इचारा."

हरीने चष्मा काढला. यंत्र काडीवरून सोडवलं आणि बाजूला ठेवलं. "तिका ह्यातला काय वाचूक येवचा नाय," तो म्हणाला. "तू सांग. फोन इलो थयसून सांग."

सुगंधाने सांगायला सुरुवात केली. कोण गडग्यापाशी आलं, कोण आलं नाही, कुणी पेज करून दारात ठेवली आणि हाक मारून पळालं. हरी मध्ये मध्ये विचारत होता आणि प्रत्येक उत्तराला नव्याने हादरत होता.

"शिवा रडलो?"

"रडलो. आणि जाताना तुमची शिडी नेल्यान."

"खंयची? मोठी?"

"मोठी. म्हणालो, हरीची आठवण. तुमी इल्यार संध्याकाळी भिंतीक लावन ठेवल्यान आणि काय एक न बोलता गेलो."

"आणि तो माझ्या बाजूक बसता! रोज!" हरीने कपाळाला हात लावला. हाताला भात होता, तो कपाळाला लागला. सुगंधाने पदराने पुसला.

मग हरीला एकाएकी दुसरंच काही आठवलं. "त्या माणसाक," तो म्हणाला, "माझ्या नावान जळलो त्याका... त्याच्या घरच्यांका कोणी सांगला?"

"म्हायत नाय. मी फोन केलेलंय इस्पितळात. तीन जागी फिरवल्यानी आणि कट केल्यानी."

"त्याचा दहावा, बारावा?"

"झाला मां. आमीच केला."

हरीला हे उमजायला वेळ लागला. सुगंधा बोलत होती. "दर वर्सा त्या तारखेक मी मागच्या दारी पान वाढतंय. तुमी इचारतास, आज गोडाचा कित्याक? मी म्हणतंय, सहज."

"कोणाच्या नावान वाढतंस?"

"तेचा नाव माका कुठे म्हायत? तुमच्याच नावान वाढतंय."

बाहेर कुणीतरी गुरं आत घेत होतं. माणूस जिवंत असताना बायको त्याच्या नावाने पान वाढते, वर गोडाचं त्याच्याच ताटात घालते, आणि तो ते मागून घेऊन खातो. यावर रागवायचं असतं की काय करायचं असतं, हे हरीला कुणी शिकवलं नव्हतं.

"कावळो शिवता?" त्याने शेवटी हळूच विचारलं.

"लगेच," सुगंधा म्हणाली. "जेवा आता. निवला सगळा."

हरीने उजवीकडे हात नेला. वाटी तिथेच होती. त्याने बांगड्याचा तुकडा उचलला आणि न चाचपता तोंडात घातला.